आत्ता ही वेळ नाही : इराणच्या स्त्रिया आणि पुढे ढकललेला प्रश्न

८ मार्च १९७९. तेहरानमध्ये सकाळी बर्फ पडत होता. शहाची राजवट कोसळून महिनाही उलटला नव्हता. आदल्याच दिवशी आयातुल्ला खोमेनी यांनी फर्मावलं होतं, की मंत्रालयांत काम करणाऱ्या बायकांनी इस्लामी हिजाब घालूनच कामावर यावं. नेहमीप्रमाणे कचेरीला निघालेल्या कित्येकींना दारावरूनच परत पाठवण्यात आलं. पण त्या घरी गेल्या नाहीत, तेहरान विद्यापीठाकडे वळल्या. तिथे महिला दिनाच्या सभेसाठी जमलेल्या विद्यार्थिनी होत्या, वर्ग सोडून आलेल्या शाळकरी मुली होत्या, परिचारिका, शिक्षिका, वकील होत्या. हजारोंचा मोर्चा निघाला. ‘मागे जाण्यासाठी आम्ही क्रांती केली नव्हती’ ही त्यांची घोषणा होती.

घोषणा देणाऱ्या या बायका शहाच्या बाजूच्या नव्हत्या, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवं. त्यांच्यातल्या अनेक जणी काही महिन्यांपूर्वी शहाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. एरवी कधी डोकं न झाकणाऱ्या कित्येकींनी १९७८ च्या मोर्चांत मुद्दाम चादोर पांघरला होता. राजेशाहीच्या विरोधातली एकजूट दाखवण्यासाठी स्वखुशीने घेतलेलं वस्त्र आता हुकूम होऊन परत आलं होतं.

आंदोलन पाच-सहा दिवस चाललं. न्यायमंदिरात ठिय्या झाला. सरकारी दूरचित्रवाणी या मोर्चांची बातमीच देत नव्हती, म्हणून तिच्या कार्यालयासमोरही निदर्शनं झाली. बाजूने चालणाऱ्या टोळ्या ‘या रूसरी, या तूसरी’ असं ओरडत होत्या, म्हणजे डोक्याला रुमाल बांधा, नाहीतर डोक्यात टोला खा. दगड आले, चाकूही आले. काही ठिकाणी पुरुषांनी हातात हात गुंफून मोर्चाभोवती कडं केलं. हेंगामेह गोलेस्तान या तरुण छायाचित्रकार ८ मार्चला कॅमेरा घेऊन रस्त्यावर होत्या. त्यांच्या कृष्णधवल छायाचित्रांत हा सगळा जमाव दिसतो. बर्फाने ओले झालेले मोकळे केस, वर उचललेले हात, आणि मध्येच एखादी रुमाल बांधलेली बाईसुद्धा. अमेरिकी लेखिका केट मिलेट त्या दिवसांत तेहरानमध्ये होत्या. त्यांना लवकरच देशाबाहेर काढण्यात आलं.

शेवटी आयातुल्ला तालेकानी यांनी, हिजाबची सक्ती नाही, असा खुलासा केला. सरकारनेही तीच री ओढली. बायका घरी परतल्या, आणि त्यांचा विजय झाला असं काही दिवस वाटलंही.

या व्याख्यानासाठी सर्वांत महत्त्वाची आहे ती त्या पाच-सहा दिवसांत रस्त्यावर न आलेल्यांची गोष्ट. डाव्या संघटनांकडे तेव्हा हजारो शिस्तबद्ध तरुण होते. राष्ट्रवाद्यांकडे सरकार होतं. लेखक, प्राध्यापक, कामगार नेते होते. यांतल्या बहुतेकांनी सांगितलं, की तुमचं म्हणणं खरं आहे, पण ही वेळ नाही. आधी साम्राज्यवादाचा बंदोबस्त करू, आधी क्रांती पक्की करू, डोक्यावरच्या रुमालाचं नंतर पाहता येईल. काहींनी याला सुखवस्तू घरांतल्या बायकांचा प्रश्न म्हटलं. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्या गुप्तहेर संस्थांनी पंतप्रधान मोसादेक यांचं सरकार उलथवलं होतं, आणि तसंच पुन्हा घडेल अशी धास्ती प्रत्येकाच्या मनात होती. म्हणूनच प्रामाणिक माणसंही फसली. इतिहासकार होमा नातेक या स्वतः डाव्या विचारांच्या. त्यांनीही तेव्हा स्त्रियांना सबुरीचाच सल्ला दिला. पुढे फ्रान्समध्ये परागंदा आयुष्य काढताना त्यांनी त्याबद्दल उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केला.

महाराष्ट्रातल्या व्यासपीठावरून हे बोलताना आगरकरांची आठवण टाळता येत नाही. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा वाद इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किती कडवटपणे झाला, ते श्रोत्यांना ठाऊक आहे. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडपसुद्धा मिळू शकला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आगरकर गेले होते. इराणची परिस्थिती वेगळी, काळ वेगळा, धर्म वेगळा. पण बायकांच्या प्रश्नाला ‘नंतर’च्या रांगेत उभं करण्याची सवय या दोन समाजांपुरतीही मर्यादित नाही.

‘नंतर’ म्हणजे इराणमध्ये नेमकं काय झालं, हे तारखाच सांगतात. स्त्रियांना घटस्फोटाचा आणि मुलांच्या ताब्याचा काही हक्क देणारा १९६७ चा कुटुंब संरक्षण कायदा फेब्रुवारी १९७९ मध्येच, म्हणजे क्रांतीनंतर दोन-तीन आठवड्यांत, गुंडाळला गेला. मग स्त्रियांना न्यायाधीशपदावरून हटवण्यात आलं. शिरीन एबादी ज्या न्यायालयाच्या प्रमुख होत्या, तिथेच त्यांना कारकुनी काम देण्यात आलं. ऑगस्ट १९७९ मध्ये ‘आयंदेगान’ हे स्वतंत्र बाण्याचं दैनिक बंद पाडलं गेलं. मे १९८० मध्ये इराणच्या पहिल्या महिला मंत्री फर्रोखरू पारसा यांना मृत्युदंड दिला गेला. त्याच उन्हाळ्यात ‘सांस्कृतिक क्रांती’च्या नावाखाली विद्यापीठांना टाळं लागलं, आणि सरकारी कचेऱ्यांत हिजाब सक्तीचा झाला. १९८३ मध्ये दंडसंहितेत कलम आलं : सार्वजनिक जागी हिजाब नसेल तर ७४ फटके. आणि १९८८ च्या उन्हाळ्यात तुरुंगांमध्ये हजारो राजकीय कैद्यांना फाशी देण्यात आली. त्यांत मुजाहिदीन-ए-खल्क संघटनेचे लोक होते, तसेच नऊ वर्षांपूर्वी ‘ही वेळ नाही’ म्हणणाऱ्या डाव्या संघटनांचे कार्यकर्तेही होते.

बायकांच्या डोक्यावरून सुरू झालेली सक्ती वर्तमानपत्रांत, विद्यापीठांत आणि शेवटी त्या पुरुषांच्या कोठडीपर्यंत पोचली. मार्च १९७९ चा मोर्चा हा फक्त बायकांचा मोर्चा नव्हता, हे कळायला इराणला फार मोठी किंमत मोजावी लागली.

खरं तर इराणी राज्यकर्त्यांनी बायकांच्या डोक्याला हात घालण्याची ही पहिली वेळ नव्हती. जानेवारी १९३६ मध्ये पदच्युत शहाचे वडील रझा शाह यांनी उलट हुकूम काढला होता. चादोर आणि बुरखा बंद. महाराणी आणि राजकन्या एका समारंभाला उघड्या डोक्याने आल्या, अधिकाऱ्यांना आपापल्या बायकांना तसंच घेऊन येण्याचे आदेश गेले, आणि रस्त्यावर शिपाई बायकांच्या अंगावरचे चादोर ओढून फाडू लागले. जुन्या वळणाच्या कित्येक स्त्रियांनी घराबाहेर पडणंच सोडलं. अनेक घरांनी मुलींना शाळेतून काढलं. १९४१ मध्ये रझा शाह यांना पदत्याग करावा लागला, तेव्हा बऱ्याच जणींनी चादोर पुन्हा घेतला. आजीचा चादोर शिपायाने ओढला आणि नातीच्या डोक्यावर शिपायानेच रुमाल बांधला, असं एकाच घरात घडलेली कुटुंबं इराणमध्ये होती.

म्हणूनच हा वाद कापडाचा आहे असं समजणं चुकीचं ठरतं. कापडाच्या आडून कायद्याचं पूर्ण जाळं उभं राहिलं. मुलींच्या लग्नाचं किमान वय क्रांतीपूर्वी १८ पर्यंत नेलं होतं, ते खाली आणून चांद्र कालगणनेची ९ वर्षं केलं. २००२ मध्ये ते १३ झालं आणि आजही तिथेच आहे. खुनात बळी पडलेल्या स्त्रीची भरपाई कायद्याने पुरुषाच्या निम्मी ठरवली. अनेक खटल्यांत तिची साक्षही निम्मी. विवाहित स्त्रीला पासपोर्टसाठी नवऱ्याची संमती लागते. पुरुष श्रोत्यांसमोर तिने एकटीने गायचं नाही. पुरुषांचा फुटबॉल सामना मैदानात बसून पाहायलाही तिला दीर्घकाळ बंदी होती. २०१९ मध्ये सहर खोदायारी ही तरुणी पुरुषाच्या वेशात सामना पाहायला गेली आणि पकडली गेली. आपल्याला तुरुंगात जावं लागणार असं कानावर आल्यावर तिने न्यायालयासमोर स्वतःला पेटवून घेतलं. तिच्या आवडत्या संघाच्या रंगावरून लोक तिला ‘निळी मुलगी’ म्हणतात.

तिच्याआधी डॉ. होमा दाराबी. बालमानसोपचारतज्ज्ञ, विद्यापीठात अध्यापक. हिजाबच्या नियमांवरून त्यांची नोकरी गेली होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये उत्तर तेहरानमधल्या तजरीश चौकात त्यांनी रुमाल काढला, घोषणा दिल्या आणि स्वतःला जाळून घेतलं. जगाने याची फारशी दखल घेतली नाही.

या सगळ्या वर्षांत एक गोष्ट मात्र राज्यकर्त्यांच्या हिशेबाबाहेर घडत होती. १९७६ च्या जनगणनेत इराणच्या सुमारे ३५ टक्के स्त्रिया साक्षर होत्या. २०१६ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. शाळा आता ‘इस्लामी’ झाल्यामुळे सनातनी घरांनीही मुलींना निर्धास्तपणे शिकायला पाठवलं. विसावं शतक सरताना विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्यांमध्ये मुली मुलांच्या पुढे गेल्या. १९८० च्या दशकात सरासरी सहा मुलांना जन्म देणारी इराणी स्त्री शतकाच्या अखेरीस दोन मुलांवर आली. शिकलेली, हातात वेळ असलेली, जग पाहणारी बाई आणि तिला निम्मी समजणारा कायदा, हे दोन्ही एका छताखाली किती काळ नांदणार होते? त्यातच नोकरीत तिला फारशी जागाच नव्हती. कामाच्या वयातल्या पाच स्त्रियांमागे एकीलाही धड रोजगार नाही.

तिने लढ्याचे वेगवेगळे मार्ग वापरून पाहिले. रुमाल बोटभर मागे सरकवणं, अंगरखा थोडा आखूड शिवणं, हे रोजचं. २००६ मध्ये ‘दहा लाख सह्यांची मोहीम’ सुरू झाली. कार्यकर्त्या घरोघरी, बागांत, बसमध्ये जाऊन बायकांना कायदा समजावायच्या आणि सह्या घ्यायच्या. शांत, सनदशीर, जवळपास कंटाळवाणं वाटावं असं काम, आणि त्यासाठीही अटका झाल्या. २७ डिसेंबर २०१७ रोजी विदा मोवाहेद ही तरुणी तेहरानच्या ‘क्रांती रस्त्या’वरच्या विजेच्या पेटीवर चढली. तिने पांढरा रुमाल काठीला बांधला आणि काही न बोलता तो हलवत उभी राहिली. तिला पकडल्यावर दुसऱ्या जणी तशाच पेट्यांवर चढल्या, मग तिसऱ्या. पालिकेने काही पेट्यांवर उतरतं छप्पर बसवलं, म्हणजे कुणाला उभंच राहता येऊ नये. या मुलींचे खटले लढवणाऱ्या वकील नसरीन सोतुदेह यांना २०१९ मध्ये एकूण ३८ वर्षांची कैद आणि १४८ फटके अशी शिक्षा झाल्याचं त्यांच्या पतीने जाहीर केलं.

आणि मग सप्टेंबर २०२२. महसा जिना अमिनी, वय २२, कुर्दिस्तानातल्या सक्केज शहरातली. जिना हे तिचं घरातलं कुर्दी नाव, महसा हे सरकारी कागदावरचं. नातेवाइकांकडे तेहरानला आली असताना १३ सप्टेंबरला भावाच्या देखत ‘गश्त-ए-इर्शाद’ने, म्हणजे नैतिकता पोलिसांनी, तिला गाडीत घातलं. कारण, हिजाब नीट नाही. कोठडीत ती कोसळली, आणि १६ सप्टेंबरला कसरा इस्पितळात तिचा मृत्यू झाला. सरकार म्हणालं, तिला जुना आजार होता. घरच्यांनी ते साफ नाकारलं. पुढे मार्च २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने निष्कर्ष नोंदवला, की कोठडीतल्या शारीरिक हिंसेमुळेच तिचा जीव गेला. ही बातमी बाहेर आणणाऱ्यांत निलुफर हमेदी आणि सक्केजहून दफनविधीचं वार्तांकन करणाऱ्या इलाहे मोहम्मदी या दोन पत्रकार होत्या. दोघींनाही तुरुंगात टाकण्यात आलं.

१७ सप्टेंबरला सक्केजच्या कब्रस्तानात बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढून हवेत फिरवले आणि ‘जिन, जियान, आझादी’ म्हटलं. स्त्री, जीवन, स्वातंत्र्य. ही घोषणा कुर्दी स्त्री-चळवळीतली, तेहरानच्या शिकलेल्या वर्गातून आलेली नव्हे. काही दिवसांत ती फारसीत ‘जन, जेंदगी, आझादी’ होऊन देशभर घुमली. शाळकरी मुलींनी वर्गातल्या भिंतीवरच्या नेत्यांच्या तसबिरी उतरवल्या. जाहेदानमध्ये ३० सप्टेंबरला जुम्म्याच्या नमाजानंतर बलुच निदर्शकांवर गोळीबार झाला आणि साठाहून अधिक माणसं मारली गेली. तिथला संतापही एका मुलीवरून उसळला होता : एका पोलीस अधिकाऱ्याने पंधरा वर्षांच्या बलुच मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप होता. असालुयेहच्या पेट्रोरसायन प्रकल्पांतल्या कंत्राटी कामगारांनी काम थांबवलं. कतारच्या विश्वचषकात इराणच्या फुटबॉल संघाने इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी राष्ट्रगीत म्हटलं नाही.

१९७९ आणि २०२२ यांतला फरक इथे आहे. या वेळी देशातल्या रस्त्यांवर ‘आधी आमचं, मग तुमचं’ हा सूर फारसा उमटला नाही. कुर्द, बलुच, कामगार, विद्यार्थी, बाप आणि भाऊ सगळे एका बाईच्या मृत्यूवरून आणि बायकांनी दिलेल्या घोषणेखाली रस्त्यावर आले. त्याची किंमतही त्यांनी सोबतच मोजली. सत्यशोधन मंडळाच्या अहवालानुसार किमान ५५१ माणसं मारली गेली. त्यांत ६८ मुलं होती. छऱ्यांनी शेकडो तरुणांचे डोळे गेले. डिसेंबर २०२२ मध्ये मोहसेन शेकारी आणि मजीदरझा रहनवर्द या दोन तरुणांना फाशी दिलं. रहनवर्दला मशहदमध्ये भर रस्त्यात क्रेनला लटकवलं. सक्तीच्या रुमालाविरुद्ध २०२३ मध्ये गाणं गाणारा गायक मेहदी याराही याला अटक झाली, आणि त्या खटल्यातल्या शिक्षेपोटी मार्च २०२५ मध्ये त्याच्या पाठीवर ७४ फटके मारण्यात आले. चाळीस वर्षांपूर्वी हा आकडा बायकांसाठी कायद्यात लिहिला गेला होता.

भारतात या लढ्याचा अर्थ लावताना घाई झाली. कर्नाटकातल्या शाळा-महाविद्यालयांतल्या हिजाबबंदीचा खटला सर्वोच्च न्यायालयात नेमका त्याच सप्टेंबरात चालू होता. इराणमध्ये बायका हिजाबविरुद्ध लढत आहेत, असा दाखला बंदीच्या बाजूने देण्यात आला. हा दाखला अर्धवट होता. मशहदच्या फातेमेह सेपेहरी काळा चादोर घेतात. त्यांचे पती इराण-इराक युद्धात मारले गेले. सर्वोच्च नेत्याने पायउतार व्हावं अशी जाहीर मागणी त्यांनी केली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांना पुन्हा अटक होऊन पुढे १८ वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या बाजूला सेदिगेह वस्मगी. इस्लामी न्यायशास्त्राच्या अभ्यासक, आयुष्यभर डोकं झाकलेल्या. सक्तीला धर्माचा आधार नाही अशी मांडणी करत त्यांनी २०२३ मध्ये रुमाल काढला आणि २०२४ मध्ये त्या गजाआड गेल्या. एक झाकलेली, एक न झाकलेली, आणि दोघींचा प्रतिवादी एकच. शाळेच्या दारात मुलीचा रुमाल उतरवायला लावणारा शिपाई या दोघींच्या बाजूचा आहे, असं कुणाला खरोखर म्हणता येईल का?

रस्त्यावरचं आंदोलन २०२३ मध्ये ओसरलं, पण बायकांनी रुमाल परत घेतला नाही. सरकारने चौकांत कॅमेरे लावले, बिनारुमालाची बाई गाडीत दिसली की मालकाच्या फोनवर इशारा, पुन्हा दिसली तर गाडी जप्त. अशा बायकांना चहा देणाऱ्या कॅफेंना टाळी लावली. ‘नाजेर’ नावाचं ॲप आलं, ज्यावरून नेमलेल्या माणसांना वाहनातल्या स्त्रीची तक्रार पोलिसांकडे करता येऊ लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड्या डोक्याने प्रवास करणारी अरमिता गेरावंद ही किशोरवयीन मुलगी तेहरानच्या मेट्रोत बेशुद्ध पडली आणि त्याच महिन्यात गेली. त्याच महिन्यात एविन तुरुंगातल्या नर्गिस मोहम्मदी यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं. ओस्लोत ते त्यांच्या जुळ्या मुलांनी, अली आणि कियाना यांनी, स्वीकारलं. आईला त्या दोघांनी कित्येक वर्षांत पाहिलेलंही नव्हतं. दरम्यान संसदेने ७४ कलमांचा नवा, अधिक कडक हिजाब कायदा मंजूर केला. डिसेंबर २०२४ मध्ये तो लागू व्हायचा होता, पण ऐनवेळी सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने तो थांबवला. हिजाब न घालणाऱ्या बाईला शिक्षा करणारं कलम कायद्यात अजूनही आहे, आणि तेहरानच्या रस्त्यांवर उघड्या डोक्याच्या बायकाही आहेत.

तो जुना प्रश्न मात्र पुन्हा डोकं वर काढतो आहे. ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’च्या जोडीला ‘पुरुष, मातृभूमी, समृद्धी’ ही घोषणा २०२२ च्या शरदातच आली, आणि परदेशातल्या काही गटांनी ती उचलून धरली. आधी राजवट पाडू, कुर्दांचं, बलुचांचं, बायकांचं मग बघू, हा सूर तिथे वारंवार ऐकू येतो. परदेशातल्या विरोधकांनी मार्च २०२३ मध्ये ‘महसा सनद’ काढली, पण ती आघाडी काही आठवड्यांतच फुटली. देशाच्या आत मात्र फेब्रुवारी २०२३ मध्येच वीस स्वतंत्र संघटनांनी एकत्र येऊन किमान मागण्यांचा एक जाहीरनामा काढला होता. सही करणाऱ्यांत शिक्षकांच्या संघटना होत्या, हफ्त तप्पेह साखर कारखान्याच्या कामगारांची संघटना होती, स्त्रियांचे गट होते. राजकीय कैद्यांची सुटका, फाशीची शिक्षा रद्द, संघटना करण्याचा हक्क, वेतन, आणि स्त्री-पुरुषांना सर्व क्षेत्रांत समान हक्क, असं सगळं त्यांनी एकाच कागदावर मागितलं. त्या कागदावर ‘नंतर’चा रकाना नाही. सह्या करणाऱ्या संघटनांचे अनेक कार्यकर्ते तेव्हाही तुरुंगात होते.